‘लक्ष ठेवा’ एवढंच सांगू नका: बालरोगतज्ज्ञांना आणि लस देणाऱ्या सिस्टरना खुलं पत्र

माननीय डॉक्टर आणि सिस्टर,

माझ्या मुलीची लसीकरणाची फाइल आज पुन्हा उघडून बसले आहे. पहिल्या वर्षात आम्ही दवाखान्यात किती वेळा आलो, ते तारखांसकट तिच्यात आहे. दर खेपेला वजन, उंची, डोक्याचा घेर. कुठली लस कुठल्या मांडीत टोचली, ताप आला तर औषधाचे थेंब किती, बाळाला पाठीवरच झोपवायचं, वरचं अन्न कधी आणि कसं सुरू करायचं, मण्याएवढी वस्तू हाताला लागू द्यायची नाही, हे सगळं तुम्ही मन लावून सांगितलंत आणि मी वहीत उतरवून घेतलं. त्या वहीत पाण्याबद्दल एकच ओळ आहे: ‘उकळून गार केलेलं द्यावं.’

ती तेरा महिन्यांची असताना बाथरूममधल्या बादलीत पडली.

बादलीत वीतभर पाणी होतं. कपडे पिळून झाले होते, ते वाळत घालायला मी बाहेर गेले. ती मागोमाग येत असेल असंच मला वाटलं, कारण ती नेहमी येई. दोनतीन कपडे दोरीवर टाकले आणि घर फार शांत आहे हे एकदम जाणवलं. आत आले तेव्हा आधी तिचे पाय दिसले. पाय वर, डोकं आत. पाणी हिंदकळत नव्हतं, कसलाच आवाज नव्हता. मी तिला बाहेर ओढलं, ती ठसकली, मग रडली. ते रडणं ऐकलं आणि मी तिथेच मटकन खाली बसले. धावून आलेल्यांपैकी कुणीतरी ‘पाय धरून उलटी धर, पाणी निघेल’ असं ओरडलं आणि मी तसं केलंही. ते चूक होतं हे पुष्कळ नंतर कळलं. ती आता पाच वर्षांची आहे, धडधाकट आहे, तिला यातलं काही आठवत नाही.

त्या संध्याकाळी तिला तपासणारे डॉक्टर भला माणूस होते. त्यांनी छाती तपासली, काही तास दवाखान्यातच थांबवून घेतलं, आणि घरी सोडताना म्हणाले, ‘लक्ष ठेवायला हवं होतं.’

या एका वाक्यामुळे मी हे पत्र लिहिते आहे. ते चुकीचं बोलले नाहीत. पण लक्ष नेमकं कशावर ठेवायचं, कुठल्या वयात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती अंतरावरून, आणि लक्ष हटणारच असेल तेव्हा आधी काय करून ठेवायचं, हे त्याआधीच्या इतक्या भेटींपैकी एका भेटीत जरी कुणी सांगितलं असतं, तरी ती बादली पालथी घालूनच मी बाहेर गेले असते. मला धोका दिसतच नव्हता. मी नदीला घाबरत होते, समुद्राला घाबरत होते, खोल विहिरीच्या काठावर तर तिला कडेवरून खालीही उतरवलं नसतं. बादलीलाही घाबरायचं असतं, हे कुणाच्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं.

नंतर मी वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा बुडण्याच्या प्रश्नावरचा अहवाल २०२४ च्या अखेरीस आला. त्यातल्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. १ ते ४ या वयात बुडणं हे मृत्यूचं चौथ्या क्रमांकाचं कारण आहे, ५ ते १४ या वयात तिसऱ्या क्रमांकाचं. दहातले नऊहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. हे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळतात. मग न्यूमोनियाबद्दल तुम्ही ज्या गांभीर्याने आम्हाला समोर बसवून सांगता, तसं पाण्याबद्दल का सांगत नाही? त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो मला धीर देतो: २००० पासून बुडून मरण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं आहे. म्हणजे हे टाळता येतं, काही ठिकाणी टाळलंही जातं आहे.

पहिली गोष्ट आम्हाला सांगायला हवी ती आवाजाची. बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो, पाणी उडवतो, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत असते. म्हणूनच आम्ही निर्धास्त असतो: काही झालंच तर ऐकू येईल. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रान्सेस्को पिया यांनी १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून अभ्यास केला, तेव्हा दिसलं ते अगदी उलट होतं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याखाली जातं, क्षणभर वर येतं, पुन्हा जातं. त्या क्षणात श्वास आत घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर करून हलवणं माणसाच्या हाती उरत नाही. शरीर उभं राहतं, पाय मारले जात नाहीत. पाण्याखाली जाण्याआधी असे साधारण २० ते ६० सेकंद मिळतात. लहान मुलाला तेवढेही मिळत नाहीत. काठावर गप्पा मारत बसलेल्या दहा मोठ्या माणसांसमोर मूल बुडू शकतं ते यामुळे. माझ्या बाथरूममध्ये पाणी हिंदकळत नव्हतं ते का, हे मला तेव्हा उमगलं.

दुसरी गोष्ट बादलीची, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढं असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या. दीड वर्षाचं मूल काठाला धरून आत डोकावतं तेव्हा त्याचं बरंचसं वजन वरच्या अंगात असतं. तोल गेला की ते सरळ डोक्यावर जातं आणि स्वतःला मागे ढकलून बाहेर काढण्याइतकी ताकद त्या हातांत नसते. भरलेली, जड बादली कलंडतही नाही. बुडण्यासाठी नाक आणि तोंड झाकलं जाण्याइतकं पाणी पुरतं, आणि ते काही बोटांच्या खोलीचं असू शकतं. म्हणजे बादली, टब, पिंप, झाकण नसलेली टाकी, पाण्याचा हौद, बागेतलं शोभेचं तळं, मुलांसाठी हवा भरून केलेलं डबकं, पावसाने भरलेला खड्डा, बांधकामासाठी साठवलेलं पाणी. ही सगळी ठिकाणं आम्हाला नावानिशी सांगा. ‘पाण्यापासून जपा’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो.

आणि वेळ नेमकी साधा. मूल चालायला लागल्यावर सांगितलंत तर उशीर झालेला असतो. सहाव्या महिन्याच्या आसपास, मूल बसू लागतं तेव्हा, आंघोळीबद्दल सांगा: आंघोळ होईपर्यंत बाळावरचा हात काढायचा नाही, टॉवेल राहिला असेल तर बाळाला उचलून टॉवेल आणायला जायचं. टबात बसवायच्या ज्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मिळतात त्या सोयीसाठी आहेत, सुरक्षेसाठी नव्हेत. त्या उलटतात आणि आई मात्र बिनधास्त होते. मग नवव्या महिन्याच्या सुमाराला, मूल धरून उभं राहू लागतं तेव्हा, विचारा: घरात पाणी कुठेकुठे साठवता? झाकण आहे का, मुलाला उचलता येणार नाही इतकं घट्ट आहे का? बाथरूमच्या दाराला वरच्या बाजूला कडी आहे का? वापरून झालेली बादली लगेच रिकामी होते का? जिथे पाण्याचे नळ दिवसभर चालत नाहीत तिथे ‘पाणी साठवू नका’ असं सांगून उपयोग नाही. झाकायचं कसं आणि दार अडवायचं कसं, ते सांगा. हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

लक्ष ठेवण्याबद्दलही बोलाच, पण ते कसं ठेवायचं ते सांगा. लहान मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, म्हणजे हात लांबवला की मूल हाताला लागलं पाहिजे. फोन बाजूला. पुस्तकही बाजूला. आणि चारचौघं जमतात तेव्हा तर जास्त सांभाळायला हवं, कारण तिथे प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघतंय. आमच्या घरी आता नियम आहे: मुलं पाण्याजवळ असली की एकाच माणसाच्या नावावर ती जबाबदारी असते आणि दुसऱ्याकडे देताना तोंडाने बोलायचं, ‘आता तुझ्याकडे’, समोरच्याने म्हणायचं, ‘हो, माझ्याकडे.’ पहिल्यांदा सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. आता माझी मुलगीच ऐकून खात्री करते. मोठ्या भावंडावर मात्र हे काम कधीच टाकायचं नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात धाकट्याचा जीव बांधणं हा त्या दोघांवर अन्याय आहे, आणि काही विपरीत घडलं तर त्या मोठ्याला जन्मभर तेच उराशी घेऊन जगावं लागतं.

पण माणसाचं लक्ष हटतंच. आजारी आई, कामाला जाणारी आई, तीन मुलांची आई, कुणीही डोळ्यांत तेल घालून दिवसाचे बारा तास बसू शकत नाही. म्हणून अडथळे लागतात. पोहण्याच्या तलावाला चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं दार असेल, तर फक्त अंगणाभोवती कुंपण असलेल्या तलावाच्या तुलनेत मूल बुडण्याचा धोका ८० टक्क्यांहून अधिक घटतो, असं अभ्यास सांगतात. एक बाजू घराकडे उघडी ठेवली की कुंपणाचा अर्थच जातो, कारण मूल घरातूनच बाहेर पडतं.

आणि बांगलादेशातलं उदाहरण तर तुम्ही प्रत्येकाने वाचावं. तिथल्या गावांत लहान मुलं बहुतेक सकाळच्या वेळी, मोठी माणसं कामात असताना, घराजवळच्या तळ्यांत बुडत होती. त्यावर उपाय म्हणून १ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या देखरेखीखाली ‘आंचल’ नावाची पाळणाघरं सुरू झाली, सकाळी ९ ते दुपारी १. त्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक कमी असल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कसली महागडी यंत्रं नाहीत, फक्त धोक्याची वेळ ओळखून त्या वेळेपुरती मुलांना सुरक्षित जागा दिली. ‘आईने लक्ष ठेवायला हवं होतं’ असं म्हणत बसले असते तर हे झालं नसतं. असे उपक्रम सुरू करा म्हणून वरच्या कार्यालयांना पत्र लिहायचं झालं, तर मी सही केली तर ते एका बाईचं पत्र. तुम्ही सही केलीत तर त्याला वजन येतं.

पोहायला शिकवण्याबद्दल पालक तुम्हाला विचारतात, तेव्हा खरं आणि पुरतं उत्तर द्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांखालच्या मुलांच्या पोहण्याच्या वर्गांबाबत साशंक होती. २०१० मध्ये तिने भूमिका बदलली आणि आता एक वर्षानंतर हे वर्ग अनेक मुलांना उपयोगी ठरू शकतात असं ती सांगते. पण त्याचबरोबर हेही सांगते की पोहणं येणारं मूलही बुडू शकतं. मला भीती वाटते ती चार दिवस वर्गाला गेलेल्या मुलाच्या पालकांची. ते खुर्चीत रेलून बसतात. दंडावर चढवायच्या हवेच्या पिशव्या आणि रंगीत टायर ही खेळणी आहेत. निसटतात, फुटतात, उलटतात. होडीत बसताना लागतं ते मापाचं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेट.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात, कारण ती तुमच्याकडे कमी येतात आणि म्हणूनच आली की बोलायला हवं. अनोळखी पाण्यात सूर मारणं, पैज लावून श्वास कोंडून पाण्याखाली राहणं, त्याआधी जोरजोरात श्वास घेणं. या शेवटच्या गोष्टीने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटणं लांबतं आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध होतं. चांगलं पोहणारी मुलं यात जातात. मुलींपेक्षा मुलगे जास्त बुडतात, हेही पालकांना सांगा. आणि फिट येणाऱ्या मुलाच्या पालकांना तर औषधाची चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं की त्याने एकट्याने टबात आंघोळ करायची नाही, एकट्याने पोहायचं नाही. पोहताना अचानक शुद्ध हरपलेल्या मुलाच्या हृदयाचा आलेख काढायला हवा, कारण लाँग क्यू-टीसारखे लयीचे जन्मजात दोष कधीकधी पाण्यातच पहिल्यांदा दिसतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला नाही.

आता ते उलटं धरणं. त्या दिवशी माझ्या मुलीचा श्वास चालू होता म्हणून निभावलं. थांबला असता तर मी तिला उलटी धरून, पाठीवर थापट्या मारत, पोट दाबत तिची मोलाची मिनिटं घालवली असती. मेंदूला प्राणवायूवाचून मोजकी मिनिटंच काढता येतात. बुडलेल्या मुलाचं हृदय बहुधा प्राणवायू संपल्यामुळे थांबतं, म्हणून त्याला आधी श्वास हवा असतो. हल्ली ‘फक्त छाती दाबा’ असं सगळीकडे शिकवलं जातं, ते मोठ्या माणसाच्या अचानक थांबलेल्या हृदयासाठी ठीक. बुडलेल्याला तेवढं पुरत नाही. युरोपातल्या सूचनांत सुरुवातीला पाच श्वास सांगितले आहेत, अमेरिकेतल्या सूचनांत दोन, आणि मग दोन्हींत छातीवर दाब आणि श्वास आलटून पालटून. जे तुमच्याकडे मानलं जातं ते आम्हाला शिकवा, पण शिकवा. अॅम्स्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली आणि तोंडाने श्वास देणं हा तिने सांगितलेल्या उपायांपैकी एक होता. अडीचशेहून अधिक वर्षं झाली आणि अजून माझ्यासारख्या बाईच्या आसपास एकालाही ते येत नव्हतं. दवाखान्यात लस घेतल्यावर आम्ही अर्धा तास बाकावर बसून असतो. त्या अर्ध्या तासात एक रबरी बाहुली समोर ठेवून सिस्टर वीस जणांना हे दाखवू शकतात.

शिकवताना आणखी दोन गोष्टी सांगा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावायचं, कपाट आणि पलंगाखाली नंतर. आणि बुडणाऱ्यामागे स्वतः उडी मारायची नाही. काठी पुढे करायची, दोरी फेकायची, तरंगेल असा रिकामा डबा फेकायचा, ओरडून माणसं गोळा करायची. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडाल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

वाचलेल्या मुलाला तपासून आणावं, हेही सांगा. खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, मूल मलूल असेल तर थेट दवाखाना. पाण्यातून वाचलेलं मूल आठवड्याभराने अचानक ‘कोरडं बुडणं’ होऊन दगावतं अशा गोष्टी फोनवरून फिरतात आणि आया रात्ररात्र जागतात. अॅम्स्टरडॅममध्येच २००२ साली तज्ज्ञांनी बुडण्याची एकच व्याख्या ठरवली आणि असे शब्द सोडून द्यायला सांगितलं. माझ्या मुलीच्या बाबतीत ती वाचली तरी तो बुडण्याचाच प्रसंग होता, हे मला त्या व्याख्येमुळे कळलं. श्वासात पाण्यामुळे अडथळा आला की ते बुडणं, मग शेवट काहीही होवो.

तुम्ही म्हणाल, बाहेर रांग असते, एका मुलाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. मी त्या रांगेत बसले आहे, मला ते दिसतं. तुम्ही म्हणाल, नव्या आईला किती घाबरवायचं? मला घाबरवलं असतंत तर मी तुमची ऋणी राहिले असते. फक्त विचारताना आवाजात आरोप नसू द्या. ज्या घरात हे घडून गेलं आहे, तिथली आई तुमच्यासमोर पुढच्या बाळाला घेऊन बसलेली असू शकते. तिला कुणी सांगायची गरज नसते की लक्ष ठेवायला हवं होतं. ती ते दिवसातून शंभरदा स्वतःला सांगत असते.

माझा धाकटा आता आठ महिन्यांचा आहे. परवाच तो खाटेचा काठ धरून उभा राहिला. पुढच्या महिन्यात त्याला घेऊन तुमच्याकडे येईन. वजन करा, लस द्या, आणि मग मी काही बोलायच्या आधी विचारा, ‘घरात पाणी कुठेकुठे साठवता?’ मला उत्तर पाठ आहे. माझ्यामागे रांगेत बसलेल्या बाईला ते नसेल. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारा.

आपली,
एक आई